साळूबाईंचं अर्धं पाखरू

"आगं उषे, त्या रखमाजीला हळू चाल म्हणावं. गाठोडं हिंदकळून राह्यलंय. समदा ठेचा दह्यात जाईल," साळूबाई मला म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता स्वतःच बांधाखालच्या चिखलात बसल्या.

बसल्या हा शब्द मी जपून वापरते आहे. पडल्या म्हटलेलं त्यांना आवडत नसे. देहानं त्या भारदस्त होत्या. जिनिंगमधल्या कापसाच्या गाठीला लुगडं नेसवलं तर कशी दिसेल, तशा. एकदा बसल्या की कुणीतरी उठवावं लागे.

बदनापूरचं स्टेशन सोडून आम्हाला बराच वेळ झाला होता. गौरी-गणपती होऊन गेले होते, पाऊस उघडला होता, पण काळ्या रानातली वाट अजून वाळली नव्हती. चिखल पावलागणिक तळव्याला चिकटायचा आणि आम्ही सगळ्या थोड्या थोड्या उंच होत चाललो होतो. सर्वांत पुढं शाळेचे शिपाई रखमाजी, डोक्यावर जेवणाचं गाठोडं घेऊन. त्यांच्या मागं मुली. प्रत्येकीच्या खांद्यावर वेताची काठी, आणि काठीच्या टोकाला मच्छरदाणीच्या कापडाची जाळी. त्या जाळ्या मी शिवल्या होत्या, कारण जालन्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत शिवण मी शिकवायची. बाकीचं, म्हणजे मराठी, गणित, निसर्गपाठ आणि रागावणं, हे सगळं साळूबाईंकडं होतं.

मुलींनी हात देऊन त्यांना वर काढलं. त्यांच्यात नंदा म्हणून एक आगाऊ मुलगी होती. ती अगदी गंभीर चेहरा करून म्हणाली, "बाई, लुगड्यावर चिखलाचं काय छान उमटलंय! अगदी चाफ्याच्या झाडाला येतं तसं. काय बरं म्हणतात त्याला?"

"पान म्हणतात," साळूबाई म्हणाल्या. "पुढं बघून चाल."

सगळ्या मुली खिदळल्या. या खिदळण्याचं कारण सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

साळूबाईंच्या यजमानांचं नाव फुलाजी. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, ही चाल काही त्यांची एकटीची नव्हती. मीही घेत नाही. पण माझ्या ह्यांचं नाव बद्रीनाथ. रोजच्या बोलण्यात ते कुठं येत नाही. उद्या यात्रेला निघाले तर 'हिमालयातल्या देवाला चालले' असं सांगावं लागेल, एवढीच माझी अडचण. साळूबाईंची अडचण मात्र सकाळी उठल्यापासून सुरू व्हायची. नाव तर नावच, पण नावासारखा शब्दसुद्धा त्या तोंडातून काढत नसत. पूजेला परडीभर 'देवाची' लागायची. ताटात 'हलकी पोळी' असायची, कारण फुलका म्हणायचा नाही. फुलपात्राला त्या पेला म्हणायच्या आणि निरांजनातल्या फुलवातीला बिनशेपटीची वात.

वर्गात कविता शिकवताना मोठी पंचाईत. कवितेत तर दुसरं काही नसतंच. तिथं त्यांनी एक युक्ती काढली होती. तो शब्द आला की त्या थांबायच्या आणि टेबलावर पट्टी वाजवायच्या. लगेच सगळा वर्ग एका सुरात "फूल!" म्हणून ओरडायचा. मग बाई पुढची ओळ घ्यायच्या. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब हे ऐकून खूष झाले. शिकवण्याची ही नवी पद्धत आहे असं समजून त्यांनी साळूबाईंना सर्वांदेखत शाबासकी दिली. साळूबाईंनी ती घेतलीसुद्धा.

हसू येतं खरं, पण त्यांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. परतूरचं माहेर आणि घनसावंगीकडचं सासर. लग्न झालं तेव्हा त्या पोरवयाच्या होत्या. एकदा गोदावरीला पाणी चढलं असताना फुलाजी पोहत अलीकडं येत होते. मध्येच ते जरा डगमगले, आणि काठावर धुणं धूत असलेल्या साळूबाईंच्या तोंडून "फुलाजीऽऽ" अशी हाक गेली. ते सुखरूप आले. सगळा घाट हसला. पण घरी गेल्यावर फुलाजींना ताप भरला तो महिना उलटला तरी उतरेना. सासूबाई उशाशी बसून म्हणत राहिल्या, नाव घेतलं, आयुष्य तुटलं. ताप गढूळ पाण्याचा होता की नावाचा, हे मी कोण ठरवणार? फुलाजी बरे झाले, आणि साळूबाईंनी तो शब्द जो गिळला तो गिळला. पुढं फुलाजींनीच हट्टानं त्यांना पाटी आणून दिली, शिकवलं, परीक्षेला बसवलं. जालन्याला जिनिंगमध्ये कापूस तोलायची नोकरी धरली ती बायकोला शाळेत शिकवता यावं म्हणून, असं लोक म्हणत. ग्रहण म्हणजे नुसती सावली, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे साळूबाई मुलींना फार छान समजावून सांगायच्या. नावाचं मात्र वेगळं होतं. सावलीनं त्यांच्या घरात कुणाला ताप आलेला नव्हता.

उखाण्यात नाव घ्यायला हरकत नसते. पण त्याला प्रसंग लागतो. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण असं काहीतरी. तिथंसुद्धा साळूबाई एवढ्या हळू आवाजात घ्यायच्या की शेजारणीला दोनदा विचारावं लागायचं.

आता अशा बाईंना देवानं नाद कशाचा लावावा? फुलपाखरांचा!

त्यांच्या परसात कागदी लिंबाचं झाड होतं. त्याच्या पानावर चिमणीनं घाण करावी तशी दिसणारी एक अळी त्यांनी पाहिली आणि लोणच्याच्या बरणीत ठेवली. बरणी चुलीपाशी. रोज पानं घालायच्या, झाकणाला फडकं बांधायच्या. फुलाजी बिचारे लोणचं मागायचे बंद झाले. एक दिवस त्या बरणीतून काळ्या-पिवळ्या पंखांचं ते निघालं, आणि नवराबायको दोघं कामाला जायचं विसरून त्याचे पंख वाळेपर्यंत बघत बसले. लेकरू नव्हतं त्यांना. त्याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पण त्या दिवशी शाळेत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बारशाहून आल्यासारखं काहीतरी होतं.

मग त्यांनी मुलींचं मंडळ काढलं. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर जायचं, जाळीत धरायचं, नीट बघायचं आणि सोडून द्यायचं. नाव काय ठेवायचं? पूर्ण नाव अध्यक्षबाईंनाच घेता येईना, म्हणून ठेवलं 'पाखरू मंडळ'. परिणाम असा झाला की गावातल्या कुणीतरी पाय मोडलेला एक पोपट पिंजऱ्यासकट शाळेच्या पायरीवर आणून ठेवला. तो पुढं रखमाजींनी सांभाळला आणि तो रखमाजींनाच शिव्या देई.

शाळेच्या पंच मंडळींत काकासाहेब मुख्य होते. कापसाचे अडते, मनानं चांगले, पण फार भिणारे. निजामशाहीत चार माणसं कुठं एकत्र जमली तरी सरकारला शंका यायची. त्यात या तर पोरी, आणि जाणार सरकारी रानात. काकासाहेबांनी साळूबाईंना स्पष्ट सांगितलं, "बाई, जा. पण तहसिलीतून तक्रारीचा एक शब्द जरी आला, तर त्या दिवशी तुमचं मंडळ बंद. पुन्हा माझ्यापाशी विषय काढायचा न्हाई."

साळूबाईंनी मान डोलावली. पण मला माहीत होतं, मंडळ बंद झालं असतं तर त्या बाईंनी शाळेत येऊन नुसती गणितं घातली असती आणि घरी गेल्या असत्या.

म्हणून त्या आधी रीतसर तहसिलीत गेल्या. मी बरोबर होते. तिथल्या पेशकारांनी, म्हणजे कारकुनांनी, विचारलं, रानात कशासाठी? साळूबाई म्हणाल्या, "पाखरं बघाया. आन् जमलं तर धराया." आम्हा सगळ्यांच्या कानाला ते अर्धं पाखरू इतकं सवयीचं झालेलं, की मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेशकार म्हणाले, "बराबर. जंगलच्या दारोग्याला निरोप धाडतो." आम्ही पेढे वाटायला निघाल्यासारख्या खुशीत घरी आलो.

तर आता पुन्हा वाटेवर येते. ओढा ओलांडून आम्ही चढाला लागलो. पळस, धावडा, बोरी सुरू झाल्या, आणि खाली सगळीकडं तरवड, पिवळाजर्द. रानाच्या तोंडाशी पोहोचलो तर तिथं जत्रा भरलेली! एका झाडावर नवंकोरं मचाण बांधलेलं. खाली डफ, ढोल, तेलाचे रिकामे डबे घेतलेली गावातली माणसं ओळीनं उभी. आणि सगळ्यांच्या पुढं इस्त्रीचा कोट घातलेले एक दाढीवाले गृहस्थ. हे जंगलाचे दारोगा, महेबूबसाहेब. त्यांनी चिखलानं माखलेल्या साळूबाईंना वाकून आदाब केला.

"तशरीफ लाइए, बाईसाहेब. बंदुका मागून येऊन राह्यल्या का?"

साळूबाईंनी मागं वळून पाहिलं. मागं मीच होते.

"कसल्या बंदुका?"

"शिकारीच्या! तहसिलीतून निरोप आल्ता. जालन्याच्या जनाना लोकांना परिंद्यांची शिकार करायची म्हणून. रान उठवायला हाकेवाले सकाळपासून उभे हायेत. तितर हाय, लाव्हे हायेत, जो दिल चाहे."

"आवं, आम्ही कशाला शिकार करू? आम्ही माळकरी माणसं," साळूबाई घाबरून म्हणाल्या.

तेवढ्यात दारोग्यांची नजर मुलींच्या खांद्यांवर गेली. चेहराच बदलला त्यांचा.

"ये क्या? जाल?" ते म्हणाले. "बंदुकीची इजाजत मिळते, बाई. जाळ्यानं पाखरं धरायला बिलकुल मनाई हाय. हे चोरांचं काम."

"आम्ही धरतो आणि सोडून देतो," नंदा म्हणाली.

"पकडे गए तो सब ऐसाइच बोलते."

मी पुढं झाले. "अहो दारोगासाहेब, पक्षी नाहीत. फुलपाखरं. फुलपाखरं! तुमच्यात तितली म्हणतात ना, ती."

दारोग्यांनी हात वर केला. "तुम्ही ठहरो. परवा पाखरं, आज जाळी दिसल्यावर तितल्या! तहसिलीत बोललं कोण?"

"मी," साळूबाई म्हणाल्या.

"काय बोलल्या?"

"पाखरं."

"मंग तितल्या कवा झाल्या?"

"पहिल्यापासून तितल्याच व्हत्या."

"तितलीला मराठीत काय म्हणतात?"

"पाखरू."

"आन् चिमणीला?"

"तेबी पाखरूच."

"मंग फरक काय राह्यला?"

साळूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "म्होरं एक शब्द हाय. त्या पाखराच्या म्होरं."

"बोला की मंग."

"त्यो मला बोलता येत न्हाई."

दारोगा माझ्याकडं बघू लागले. "मास्तरीण हायेत ना या?"

मुलींच्या पाठी थरथरत होत्या. कुणी जाळीत तोंड घातलं होतं, कुणी पदरात. दारोगा मात्र हसणाऱ्यांतले नव्हते, आणि त्यांचंही काही चुकत होतं असं मला वाटत नाही. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मला वर जबाब द्यावा लागतो. उद्या साहेबांनी विचारलं, तर काय सांगू, एक शब्द कमी पडला? ज्यांनी इजाजत घेतली त्यांनी आपल्या तोंडानं पुरी बात सांगावी. न्हाईतर मी जाळी जप्त करून तहसिलीला कळवतो. मंग ते जानें और तुम जानो."

तहसिलीला कळवतो, हे ऐकलं आणि मुलींचं हसू बंद झालं. काकासाहेबांची अट त्यांनाही माहीत होती. साळूबाई ओठ मिटून उभ्या होत्या. त्यांचं तोंड एकदा उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, "फ" एवढा श्वास बाहेर आला आणि परत आत गेला. मी मनात मत्स्योदरीदेवीचं नाव घेतलं. ज्यांनी नाव घ्यायला हवं होतं त्यांना घेता येत नव्हतं, म्हणून मी एक घेतलं, जमलं ते.

मग साळूबाईंनी एक अजब गोष्ट केली. डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढला. चिखलाचे दोन्ही पाय जवळ घेतले. हळदीकुंकवाच्या पाटावर उभं राहावं तशा उभ्या राहिल्या, आणि खाली जमिनीकडं बघत, पण अगदी खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"दारोगांनी अडविलं रानाच्या वाटेवर,
फुलाजीरावांचं नाव पाखराच्या पाठीवर!"

एका हाकेवाल्याच्या हातातला डबा खाली पडला.

दारोगा पुटपुटू लागले. "फुलाजी... पाखराच्या पाठीवर... पाठीवर फुल... फुल, पाखरू..." आणि एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, "फुलपाखरू! अरे वा रे वा! शौहर का नाम! क्या बात है! मुकर्रर, बाई, मुकर्रर!"

साळूबाईंच्या चेहऱ्यावर जीव आला. "मुक्रर झालं म्हणतात, पोरींनो. चला आत."

"मुकर्रर, मुकर्रर!" दारोगा मागून ओरडतच होते.

"व्हय, व्हय, झालं ना मुक्रर. लई उपकार झाले," असं म्हणत साळूबाई तरवडात शिरल्यासुद्धा.

आमच्यात लग्न मुक्रर होतं, तारीख मुक्रर होते. एकदा ठरलं की ठरलं. शायरीच्या मैफलीत हा शब्द 'पुन्हा एकदा म्हणा' यासाठी असतो, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार! दारोग्यांना शायरीचा शौक होता. साळूबाईंनी त्यांना शेर ऐकवला असं समजून ते दुसऱ्यांदा ऐकायला तळमळत होते, आणि साळूबाई जप्ती टळली म्हणून पळत होत्या. शेवटी दारोग्यांनी मला अर्थ सांगितला आणि मी साळूबाईंना.

"पुन्हा?" साळूबाई थबकल्या. "आगं, तोच उखाणा दोनदा घेत असतात व्हय? आन् प्रसंग कोणता?"

दारोग्यांनी आग्रह केला नाही. पण आता ते आमचे यजमान झाले होते. म्हणाले, हाकेवाल्यांना हात हलवत घरी धाडलं तर वाईट दिसेल. मचाणही फुकट जाईल. तेव्हा बाईंनी मचाणावर बसावं, आणि शिकारीला हाका घालतात तसा तितल्यांना घालू.

साळूबाईंना मचाणावर चढवणं हे काम कसं झालं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की शिडी चांगली होती, नंदा खालून ढकलत होती, आणि रखमाजी झाडाकडं पाठ करून रामनाम घेत होते. वर पोहोचल्यावर मचाण थोडं कुरकुरलं. साळूबाईंनी त्याला 'गप' म्हटलं.

आणि मग हाका सुरू झाला. डफ, ढोल, डबे. माणसं ओरडत, काठ्यांनी तरवडाची झुडपं हलवत आमच्या दिशेनं येऊ लागली. मला वाटलं, झालं, आता एक माशीसुद्धा दिसायची नाही. पण तरवडाच्या एकेका झुडपात शेकड्यांनी बसलेली असतात ती. झुडूप हललं की पिवळी-पांढरी वर उसळायची. सुपातलं धान्य पाखडताना कोंडा उडतो तशी. एका रांगेमागून दुसरी, डोक्यांवरून, हातांमधून, मचाणाच्या अंगाअंगानं. मध्येच काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेली संथ तरंगत गेली. मुली जाळ्या खाली टाकून नुसत्या वर बघत उभ्या राहिल्या. ढोल वाजवणाऱ्याच्या मुंडाशावर दोन बसली, तर तो हलेना, वाजवेना. दारोगासाहेबांच्या इस्त्रीच्या कोटावरसुद्धा एक होतं, आणि ते छाती पुढं काढून बिल्ला मिळाल्यासारखे उभे होते. मी हात जोडले. कुणाला ते मला त्या वेळी नीट ठरवता आलं नाही, पण जोडले.

वर साळूबाई दोन्ही हात पसरून बसल्या होत्या. तोंड सारखं चालू. "आगं ते पट्टेरी बघा! ते बघा नंदे, तुझ्या कानापाशी! मारू नका रं काठी जोरात, हळू हलवा, हळू!"

"बाईसाहेब!" खालून दारोगा ओरडले. "अब तो मुकर्रर!"

मला वाटलं, साळूबाई नाही म्हणतील. पण त्यांनी पदरही ओढला नाही. तशाच, हात पसरलेल्या, वर बघत म्हणाल्या,

"हाक्यानं जागं झालं रान, पाखरं आली उडून,
फुलाजीरावांचं नाव घेते मचाणावर चढून!"

हाकेवाल्यांनी ढोल बडवून दाद दिली. मुलींनी टाळ्या पिटल्या. दारोगासाहेबांनी तर टोपीच उडवली.

जेवण सगळ्यांनी मिळून केलं. ठेचा दह्यात गेलेलाच होता. दारोग्यांनी आमच्यादेखत एका माणसाला सांगितलं, तहसिलीत जाऊन कळव, जनाना शिकार फार उमदा झाली, नुकसान काही नाही, तक्रार काही नाही. पुढं हे काकासाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा 'शिकार' एवढाच शब्द ऐकून त्यांनी दुकानात बसकण मारली म्हणे. पण 'तक्रार नाही' हेही त्यांना ऐकावं लागलं, आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. मंडळ पुढं रझाकारांच्या धामधुमीपर्यंत दर वर्षी निघत राहिलं, त्याच रानात, आणि दर वर्षी महेबूबसाहेब मचाण बांधून ठेवत. पण ते नंतरचं.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही स्टेशनच्या वाटेला लागलो. मुली पुढं उखाणे म्हणत चालल्या होत्या, दोन्हीही, चाल लावून. साळूबाई मागं रेंगाळल्या होत्या. गाठोड्याविषयीसुद्धा बोलेनात. मला वाटलं, थकल्या.

"पाय दुखतात का?" मी विचारलं.

"न्हाई गं." त्यांनी तळव्याचा चिखल बांधाला खरडला. मग म्हणाल्या, "उषे, पयल्यांदा नाव घेतलं ते अडलं म्हणून घेतलं. मंडळ बंद पडाया चाललं व्हतं. ते देवालाबी कळंल. पण मचाणावर मला कुणी अडवलं व्हतं का?"

"दारोगा पुन्हा म्हणा म्हणाले."

"ते म्हणाले. पण त्यांच्यासाठी न्हाई घेतलं मी. मलाच घ्यावं वाटलं." त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, मुली लांब होत्या. "तोंडाला गोड लागलं गं. ना हळदी, ना कुंकू, ना बारसं. रानात, परक्या बाप्यांसमोर, ढोल वाजवून. ह्यांना काही झालं तर?"

मी शिकलेली चार बुकं, पण माझा विश्वास होता तेच बोलले. म्हटलं, "साळूबाई, आपण रोज देवाचं नाव घेतो. त्यानं देवाचं आयुष्य कमी झालंय का?"

"देवाचं काय," त्या म्हणाल्या, "त्याला ताप येत न्हाई."

स्टेशनचा दिवा दिसू लागला होता. साळूबाईंनी माझा हात धरून मला थांबवलं.

"हे पोटात ठेवून ह्यांना जेवाया वाढणं मला जमायचं न्हाई. आजच्या आज सांगाया पायजे. पण मी सांगाया बसले तर तिसऱ्यांदा नाव येतं. तू चल माझ्यासंगं घरी. तू सांग. दोन्ही उखाणे बराबर म्हण, शब्द इकडचा तिकडं करू नको. मी आत चुलीपाशी राहीन. आन् उषे, दुसरा म्हणशील ना, तवा त्यांच्या तोंडाकडं नीट बघ, आन् कसं दिसलं ते मला येऊन सांग."